स्लो कुकरमधलं बीफ-भाज्यांचं सूप : खिमा करडा, बटाटे कच्चे, वर तेलाचा तवंग. चुकतंय कुठे?

थंडीतली_पोळी

मंडळी, मदत हवी आहे.

आम्ही ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या आयोवात आलो. आज सकाळी बाहेर उणे २२ होतं (सेल्सियस, हो). शेजारी एक आजी राहतात, वय ७८, जन्म शेतावरचा, दारातला बर्फ अजून स्वतः फावड्याने ढकलतात. त्यांनी मला त्यांचा जुना स्लो कुकर (विजेवर तासन्‌तास मंद आचेत शिजवणारं मातीचं भांडं) दिला आणि एका कार्डावर हाताने लिहिलेली 'हॅम्बर्गर सूप'ची कृती. नावात हॅम्बर्गर, पण आत पाव नाही की टिक्की नाही. बीफचा खिमा आणि घरात असतील त्या भाज्या. इकडच्या शेतकरी घरांत हिवाळ्यात आठवड्यातून एकदा होतंच म्हणे.

कार्डावर एवढंच आहे: खिमा १ पौंड, कांदा १, गाजरं ३, सेलरीच्या २ काड्या, बटाटे ३, टोमॅटोचा १ डबा, बीफ ब्रॉथ (मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी) ४ कप, तमालपत्र, मीठ-मिरी, फ्रीजरमधले मटार-मका मूठभर. 'सगळं घाला. लोवर ८ तास.' संपलं.

सकाळी साडेसहाला लावलं, संध्याकाळी साडेपाचला उघडलं. खिम्याचे करड्या रंगाचे गोळे, वर बोटभर तवंग, मटार लष्करी गणवेशाच्या रंगाचे आणि एवढ्या वेळानंतरही बटाटा दाताखाली कचकच. नवऱ्याने दोन चमचे खाऊन 'वेगळं आहे' म्हटलं. आमच्या घरात 'वेगळं आहे' ही शिवी आहे.

प्रश्न तीन. खिमा आधी परतायचा का? बटाटे का शिजत नाहीत? आणि चव कशी आणायची? एक अट: त्याचा खिमा-रस्सा करायचा नाहीये. तो मला येतो. मला आजींचं सूप हवंय.

---

तर्रीबाज

प्रेशर कुकर. तीन शिट्ट्या. विषय संपला.

---

थंडीतली_पोळी

@तर्रीबाज, प्रेशर कुकर आहे हो. पण मी साडेसहाला बाहेर पडते, घरी येते तेव्हा अंधार पडलेला असतो. दार उघडल्यावर तयार जेवणाचा वास यावा एवढीच हौस आहे. परवा वास आला होता. तिथेच फसले.

---

मिडवेस्टी_मामा

मिनेसोटात २२ वर्षं झाली, त्यामुळे या सूपवर बोलायचा थोडा हक्क आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी खिमा. परतायलाच हवा. मांसाला जो खमंगपणा येतो तो १४० अंशांच्या पुढे, कोरड्या तापलेल्या भांड्यात. स्लो कुकरमध्ये सगळं पाण्यात बुडालेलं असतं, म्हणजे १०० च्या वर जाणं शक्यच नाही. आठ तास ठेवा नाहीतर ऐंशी, उकडलेला खिमाच मिळणार. त्यामुळे बिडाचा तवा चांगला तापवा, खिमा पसरा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. आपल्याला सारखा कालथा हलवायची सवय, तिथेच पाणी सुटतं नि खिमा वाफवला जातो. खालची बाजू चॉकलेटी झाली की मग मोडा. एक पौंडाहून जास्त असेल तर दोन घाण्यांत करा.

आता तवंग. पाकिटावर ८०/२० असं लिहिलेलं असेल. म्हणजे २० टक्के चरबी. पौंडभर खिम्यात साधारण ९० ग्रॅम. ती सगळी तुमच्या सूपवर तरंगत होती. परतल्यावर ती काढता येते, न परतता कशी काढणार? पण सिंकमध्ये ओतू नका, थंड झाली की पाइपात मेणासारखी बसते. टोमॅटोच्याच रिकाम्या डब्यात ओतायची, गोठली की कचऱ्यात. ९०/१० घेतलात तर काढावीच लागत नाही, पण चव थोडी कमी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तव्याला जी खरवड लागते ती धुऊन टाकाल तर परतल्याचं पुण्य निम्मं गेलं. त्याच तव्यात कांदा-सेलरी टाका, मऊ झाली की कपभर ब्रॉथ ओतून खरवड सोडवून घ्या आणि ते सगळं भांड्यात. एकूण १५ मिनिटं. आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलंत तरी चालेल, पण खिमा पूर्ण शिजवून ठेवा, अर्धवट नको.

---

सोललेली_लसूण

बटाट्यांचं उत्तर तुमच्या आईला विचारलं असतं तरी मिळालं असतं. :) आमटीत चिंच-आमसूल कधी घालतो? डाळ शिजल्यावर. आंबट आधी पडलं की डाळ काय, बटाटा काय, हट्टाला पेटतो. आंबटात भाजीतलं पेक्टिन (फोड बांधून ठेवतं ते) सुटत नाही, म्हणून फोड घट्ट राहते. तुम्ही पहिल्यापासून टोमॅटोचा डबा ओतलात, बटाटे अकरा तास त्या आंबटातच बसले.

दुसरं म्हणजे जागा. स्लो कुकरला आच भांड्याच्या भोवतीने असते. बटाटे-गाजरं तळाशी आणि कडेला, खिमा त्यांच्यावर. वरवर तरंगणारी फोड शेवटी शिजते. आणि फोडी केवढ्या केल्या होत्या?

---

थंडीतली_पोळी

बटाट्याचे चार तुकडे. म्हणजे रश्श्यात करतो तसे.

---

सोललेली_लसूण

घ्या! दीड सेंटिमीटरच्या करा, साबुदाण्याच्या खिचडीत घालतो त्याहून जरा मोठ्या. टोमॅटो शेवटच्या तासाला. ऑफिसमुळे जमत नसेल तर बटाटे आधी मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटं अर्धेकच्चे करून मग घाला. मी तेच करते.

---

हिंगाष्टक

मला या धाग्याचं आश्चर्य वाटतं. मराठी संकेतस्थळावर बीफच्या पाककृतीची खुली चर्चा? आपली संस्कृती वगैरे काही आहे की नाही? चिकन घालून करता येतंच ना.

---

चिकूची_बी

*पॉपकॉर्न घेऊन बसले आहे*

---

वसईचा_वारा

@हिंगाष्टक, 'आपली' म्हणजे नेमकी कोणाची? मी वसईचा, ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी ख्रिस्ती. घरात पिढ्यान्पिढ्या मराठीच बोलतो, आमची बोली तुमच्या कानाला वेगळी लागेल, पण मराठीच. उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटला जातो, बियरच्या गडद बाटल्यांमध्ये ठासून भरून ठेवतात, म्हणून ते नाव. आईच्या हातचं बीफ त्याच मसाल्यात व्हायचं. २०१५ ला महाराष्ट्रात कायदा बदलला, गाईबरोबर बैल आणि वळूही त्यात आले, तेव्हापासून म्हशीच्या मांसावर भागवतो. कायदा पाळतो. पण आमचं ताट संस्कृतीच्या बाहेरचं आहे हे कोणी सांगू नये.

आणि पोळीताई आयोवात आहेत. तिथे हे सूप म्हणजे आपल्याकडचं पिठलं. शेजारच्या आजींना चिकन सुचवून बघा, काय म्हणतात ते.

---

कन्नड_घाट

वसईकरांना अनुमोदन. आमच्या मराठवाड्यात आजी चान्या वाळवायची, मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर. पावसाळ्यात हाताला काम नसायचं तेव्हा त्या निखाऱ्यावर भाजायच्या नि भाकरीबरोबर खायच्या. शाळेत डब्यात काय आहे हे सांगायची चोरी होती. चाळीस वर्षांनी इथे कोणीतरी 'आपली संस्कृती' म्हटलं की तोच डबा आठवतो. बाकी भांडायचं नाही, सूपचं चालू द्या.

---

संपादक मंडळ

धागा पाककृतीबद्दल आहे. खाणे-न खाणे यावर स्वतंत्र धागा काढावा. इथले यापुढचे तसे प्रतिसाद काढले जातील.

---

हिंगाष्टक

ठीक. @कन्नड_घाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा शब्द चुकला. मी खात नाही, एवढंच म्हणायला हवं होतं.

(आणि खिम्याऐवजी मसूर घातले तर कसं होईल, हे कोणी सांगेल का?)

---

सोललेली_लसूण

अख्खे मसूर, दीड कप, न भिजवता. टोमॅटो शेवटी. छान होतं. :)

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, आठवड्यात तीन रात्री ड्यूटी, त्यामुळे स्लो कुकर माझा घरातला एकमेव कर्तबगार सदस्य आहे. मसूर चालतील. पण कोणी राजमा म्हणण्याआधी आडवी येते.

लाल राजमा कच्चा किंवा नुसता भिजवलेला स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यात एक विषारी प्रथिन असतं, ते जायला खळखळून उकळी लागते. स्लो कुकरमध्ये मंद आचेवर ते नष्ट होत नाही, उलट कच्च्याहून वाईट होऊ शकतं. चार-पाच दाणे पुरतात, एक ते तीन तासांत उलट्या. भिजवा, ते पाणी टाका, ताज्या पाण्यात उकळा. किमान १० मिनिटं म्हणतात, अमेरिकेचं अन्न-औषध खातं ३० सांगतं. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो खुशाल घाला. आपल्याकडे हा प्रश्न आला नाही कारण आपण शिट्ट्या काढतो. (@तर्रीबाज, आजच्यापुरता तुमचा मुद्दा मान्य.)

खिम्याबद्दलही. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरून. दळलं की बाहेरचं आत जातं. म्हणून खिमा आतपर्यंत ७१ अंश झालाच पाहिजे. आणि फ्रीजरमधला दगड तसाच भांड्यात टाकायचा नाही, तो तासन्‌तास कोमट राहतो. ४ ते ६० अंश ही जंतूंची सुगी. खिमा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा.

वेळ लावून ठेवायचं बटण असेल तर कच्चं मांस घालून 'चार तासांनी सुरू हो' असंही करू नका. उलटं चालतं: आत्ता सुरू, आठ तासांनी 'वॉर्म', म्हणजे नुसतं गरम ठेवायचं.

---

मिडवेस्टी_मामा

@रात्रपाळी, उत्तम. एक भर: 'लो' आणि 'हाय' म्हणजे गॅस बारीक-मोठा नव्हे. चांगल्या भांड्यात दोन्ही शेवटी जवळजवळ एकाच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरा खाली. फरक पोचायला लागणाऱ्या वेळाचा. म्हणून लोवर ८ म्हणजे हायवर साधारण ४.

---

प्रश्नचिन्ह

मग माझ्या त्या बहुगुणी इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये 'स्लो कुक' बटण आहे ते?

---

मिडवेस्टी_मामा

त्याला आच फक्त तळातून. स्टीलचं भांडं, मातीचं नाही. होतं, पण बटाट्याला जास्त वेळ द्या.

---

झाकणझुला

सगळे आचेवर बोलताहेत, माझा प्रश्न सामाजिक आहे. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. मी सकाळी स्लो कुकर लावून वरच्या खोलीत कामाला बसते. त्या दर अर्ध्या तासाने झाकण उघडतात, डावाने ढवळतात आणि खालून ओरडतात, 'अगं, अजून उकळीच नाही!' संध्याकाळी सहाला गाजर जसंच्या तसं. काल त्यांनी माझ्या नकळत भांडं उचलून गॅसवर ठेवलं. मातीचं भांडं. गॅसवर.

---

चिकूची_बी

आवाज कसा आला?

---

झाकणझुला

'टक्' असा. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मग सासूबाईंचा, 'हे आधीपासूनच तडकलं होतं.'

---

रात्रपाळी

हसू आवरत नाहीये. दर वेळी झाकण उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला १५-२० मिनिटं लागतात. अर्ध्या तासाला एकदा म्हणजे ते सूप आयुष्यभर शिजणार नाही. पारदर्शक झाकण त्यासाठीच असतं म्हणावं. फ्रिजमधून काढलेलं थंडगार मातीचं भांडंही तापलेल्या कुकरात ठेवू नका, तसंच तडकतं.

---

डेक्कन_क्वीन

भांडी फुटण्यावरून आमची कथा. मावशीने अमेरिकेतून स्लो कुकर आणला, पुण्यात. खूप कौतुक. पिनेला अडाप्टर लावला नि थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. तिकडचं १२० व्होल्टचं यंत्र, आपल्याकडे २३०. काकांनी नंतर कागदावर गणित मांडून दाखवलं: दाब जवळपास दुप्पट म्हणजे उष्णता जवळपास चौपट. आमच्याकडे काही मिनिटांपुरता का होईना, फास्ट कुकर होता. मग सोसायटीच्या जिन्यातले दिवे गेले.

कोणी नेत असाल तर अडाप्टरने फक्त पीन बदलते, वीज नाही, एवढं लक्षात ठेवा.

---

जुनेपुराणे

अवांतर, पण राहवत नाही. या भांड्याचा इतिहास गमतीचा आहे. अर्व्हिंग नॅक्सन नावाचा शिकागोचा संशोधक होता. त्याची आई लिथुआनियाची, ज्यू. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही. मग तिच्या गावातल्या बायका शुक्रवारी मांस-कडधान्यांचं भांडं भटारखान्यात नेऊन ठेवत. भट्टी विझत जाताना त्या धगीवर रात्रभर शिजायचं, त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. ही आठवण ऐकून त्याने विजेचं भांडं केलं, १९४० साली पेटंट मिळालं. नाव 'नॅक्सन बीनरी', म्हणजे मूळ काम कडधान्यं शिजवायचं. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्याचा धंदा घेतला नि १९७१ ला 'क्रॉक-पॉट' नावाने बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या तो काळ. सकाळी लावा, संध्याकाळी जेवा. पोळीताईंची गरज तीच.

आपल्याकडचा धागा: अलिबाग भागातले बेने इस्रायल. मराठी बोलणारे ज्यू, बरेचसे तेलाच्या घाण्यावर काम करणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. नियम तोच, हजारो मैलांवर.

आणि बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास ईकमिक कुकर केला होता. खाली कोळसा, वर डब्यांची चळत. लावून कामाला जायचं. तेव्हा स्लो कुकर म्हणजे अमेरिकन आळस असं कोणी म्हणू नये.

---

तर्रीबाज

आमच्याकडे आजी चुलीच्या वैलावर दुधाचं पातेलं ठेवायची. सकाळपासून दुपारपर्यंत. साय अशी यायची की भाकरीसारखी उचलावी. तो आमचा स्लो कुकर. पेटंट घ्यायचं राहून गेलं.

---

सीडरकाठची

पोळीताई, मी तुमच्याच राज्यात, सीडर रॅपिड्सला. या सूपशी माझं नातं जरा वेगळं आहे.

१० ऑगस्ट २०२० ला सोमवार होता. करोनामुळे घरूनच काम. ऑगस्टमध्ये सूप कोण करतं, पण फ्रिजमधला खिमा संपवायचा होता म्हणून सकाळी नऊला लावलं. दुपारी साडेबाराच्या सुमारास आकाश हिरवट-काळं झालं. डेरेचो हा शब्द मी तोवर ऐकलाही नव्हता. वादळाची सरळ धावणारी भिंतच. पाऊण तास आम्ही तळघरात. वर आलो तर मागच्या अंगणातला मोठा ओक शेजाऱ्यांच्या गाडीवर, रस्त्यावर एक झाड उभं नाही, वीज गेलेली. ती पुढे कितीतरी दिवस आली नाही.

आणि ओट्यावर ते भांडं. साडेतीन तास शिजलेलं, अजून चांगलं वाफाळत होतं. आम्ही घरात होतो, वीज कधी गेली ते माहीत होतं, म्हणून लगेच सगळं स्टीलच्या पातेल्यात काढलं आणि अंगणातल्या गॅसच्या ग्रिलवर ठेवून खळखळ उकळलं. (बाहेर असता नि कधी गेली कळलं नसतं, तर शिजलेलं दिसलं तरी फेकायचं. @रात्रपाळी, बरोबर ना?) त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या चार घरांनी ते सूप खाल्लं, कागदी कपांतून. एकाने करवत आणली होती, एकाने बर्फ. मीठ कमी होतं हे मला अजून आठवतं, कोणी बोललं नाही.

---

रात्रपाळी

अगदी बरोबर. आणि काटा आला अंगावर.

---

लेकसाइड_लता

मामांशी असहमत. मी विस्कॉन्सिनमध्ये चर्चच्या सामुदायिक जेवणांना बरीच वर्षं जाते आहे. एका टेबलावर दहा-बारा स्लो कुकर ओळीने, एकाच एक्स्टेन्शनवर नको म्हणून वायरींचं नियोजन करायला एक स्वतंत्र काका. त्यातल्या निम्म्या बायका खिमा परतत नाहीत. ९३/७ चा कमी चरबीचा घेतात, हाताने बारीक मोडून कच्चाच घालतात. सूप फिकं होतं, पण त्याला एक साधेपणा असतो, आजारी माणसाला द्यावं असा. मला आवडतं. प्रत्येक गोष्ट खमंग कशाला हवी? वरणाला आपण कुठे भाजतो?

---

मिडवेस्टी_मामा

वरणाला तूप-मीठ-लिंबू लागतं, ताई. ते काढून खाऊन बघा.

---

लेकसाइड_लता

मग सूपालाही शेवटी तेच करा! लिंबू पिळा, भांड्याला दोष देऊ नका.

---

मिडवेस्टी_मामा

हा मुद्दा मात्र घेतला. दिवे घेतले, म्हणजे हलकेच घेतलं.

---

सोललेली_लसूण

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी सासरी २० वर्षं काढली. पण तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पोळीताई, तुम्हाला खिमा-रस्सा करायचा नाही, मग या गोष्टी करा. त्याने सूप आजींचंच राहतं.

कांदा परतताना दोन चमचे टोमॅटो पेस्ट घाला आणि ती विटकरी होईपर्यंत परता. वूस्टरशर सॉस एक मोठा चमचा. त्यात चिंच असते आणि अँकोव्ही मासे, म्हणजे चव आपल्या ओळखीचीच. पाणी कमी. गॅसवर उघड्या पातेल्यात रस आटतो, इथे झाकणाखाली थेंबही उडत नाही, उलट भाज्यांचं सुटतं. चार कप ब्रॉथऐवजी तीन करा. मीठ निम्मं आधी, बाकी शेवटी चाखून; ब्रॉथमध्ये असतंच. मटार-मका शेवटची २० मिनिटं. वाढताना लिंबू किंवा व्हिनेगरचे थेंब आणि ताजी पार्स्ली. आठ तास शिजलेली चव झोपलेली असते, आंबटाने जागी होते.

---

तर्रीबाज

आणि एक चमचा काळा मसाला. कोणाले कळनार नाही.

---

थंडीतली_पोळी

मला कळेल!

---

थंडीतली_पोळी

दहा दिवसांनी परत आले. अहवाल.

शुक्रवारी रात्री ८५/१५ चा खिमा परतला. मामांनी सांगितल्याप्रमाणे हात मागे बांधून उभी राहिले. पहिली दोन मिनिटं नुसतं पाणी चुरचुरतं, मग आवाज बदलतो, तडतड बारीक होते आणि कडेने तपकिरी जाळी दिसू लागते. तेव्हाच उलटलं. खरवडीत कांदा, टोमॅटो पेस्ट, ब्रॉथ. घरभर जो वास सुटला त्यावर नवरा फोन सोडून स्वयंपाकघरात आला. सगळं उथळ डब्यात, फ्रिजमध्ये. शनिवारी सकाळी बटाटे-गाजरं तळाला, बाकी वर, लोवर. घरीच होते तरी झाकण उघडलं नाही. (दोनदा हात गेला होता.) सात तासांनी टोमॅटो, अजून तासभर, शेवटी मटार-मका.

बटाटा चमच्याने दबला! तवंग म्हणाल तर सोन्याचे चार ठिपके.

संध्याकाळी आजींना बोलावलं. त्या एक वाटी जेवल्या, दुसरी मागितली. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तुमच्या कार्डात एक सुधारणा केली, खिमा आधी परतून घेतला. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी तांदूळ धुऊन घेतले म्हणाले. 'परतूनच घेतात ना. ते कशाला लिहायचं?'

बटाटेही त्या आधी उकडून घेतात. टोमॅटोही नंतर. कार्डावर फक्त जे विसरायला होतं तेवढं लिहिलेलं होतं, म्हणजे मापं.

---

सोललेली_लसूण

माझ्या आईच्या वहीत पुरणपोळीपुढे लिहिलंय: 'पुरण नेहमीसारखं.' बस.

---

झाकणझुला

मस्त झालं! आजींना विचारा ना, त्यांचं भांडं किती वर्षांचं आहे? आम्हाला नवीन घ्यायचंय. कारण वर दिलेलं आहे.

---

थंडीतली_पोळी

विचारलं. मुलगी लहान असताना घेतलेलं, मुलगी आता पन्नाशीची. बाहेरून नारिंगी, वर तपकिरी फुलं. झाकणाचा दांडा एकदा तुटला, तिथे दाराची मूठ बसवली आहे.

---

तर्रीबाज

सगळं ठीक. नवरा काय म्हणाला ते लिहिलं नाही.

---

थंडीतली_पोळी

आजींसमोर म्हणाला, 'फार छान झालंय.' त्या गेल्यावर उरलेल्या वाटीत ठेचा कालवून ब्रेडबरोबर खाल्लं.